आखाजीचा हिशेब आणि शाळेची परसबाग



खानदेशात शेतीचे साल आखाजीला पुरे होते आणि आखाजीलाच नवे साल लागते. सालदाराचा हिशेब याच दिवशी चुकता होतो, पुढील वर्षाचा करार याच सुमारास ठरतो, लेकी माहेरी येतात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. बैल, बियाणे, खत, देणे-घेणे या साऱ्यांचा ताळेबंद मांडण्याची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. या ताळेबंदात एका लहानशा जमिनीची नोंद मात्र सहसा होत नाही. ती जमीन म्हणजे घरामागची, अथवा शाळेमागची, परसबाग. ती कोणी लावली हे गावास ठाऊक असते. परंतु तिने वर्षभरात किती किलो भाजी दिली, कोणत्या आठवड्यात ती रिकामी होती आणि का रिकामी होती, हे विचारले असता उत्तर मिळत नाही.

जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांतील शाळांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. शालेय पोषण आहाराच्या निकषानुसार प्राथमिक वर्गातील प्रत्येक बालकास रोज ५० ग्रॅम व उच्च प्राथमिक वर्गातील बालकास ७५ ग्रॅम भाजी मिळावयास हवी. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या सुचविल्या आहेत. त्या मानाने शाळेतील ५० ग्रॅम ही लहान मात्रा आहे. तथापि अनेक घरांची स्थिती पाहता, पालेभाजी म्हणून बालकाच्या पोटात जे जाते त्याचा मोठा वाटा याच ताटातून जातो. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यानंतर अनेक शाळांनी वाफे पाडले. वाफे पाडणे अवघड नव्हते. दुसऱ्या वर्षी तेच वाफे पुन्हा हिरवे करणे अवघड गेले, आणि त्याचे कारण शोधावयाचे तर पहिल्या वर्षाचा हिशेब समोर हवा.

प्रथम अपेक्षा किती ठेवावी ते पाहू. शंभर मुलांची एखादी प्राथमिक शाळा धरली तर तिला रोज ५ किलो भाजी लागते. शाळेकडे एक गुंठा जागा आहे असे समजू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर; त्यातून पायवाटा, बांध, खताचा खड्डा वजा जाता लागवडीखाली ७० चौरस मीटर उरतात. वांगी-टोमॅटोसारखी फळभाजी चांगल्या निगराणीत चौरस मीटरला दोन-तीन किलो देते. भेंडी किलोभर, गवार त्याहून कमी. मेथी-पालकाच्या एका पेरणीतून किलोच्या आसपास. सर्व मिळून सरासरी सव्वा किलो धरली तर एका हंगामात ९० किलो भाजी निघेल. ९० किलो म्हणजे त्या शाळेचे अठरा दिवस. चार महिन्यांच्या हंगामात शाळेचे सुमारे ९० दिवस भरतात. म्हणजेच एक गुंठ्याची उत्तम बाग पाच दिवसांतील एका दिवसाची गरज भागविते.

हा आकडा ऐकून निराश होण्याचे कारण नाही, परंतु तो आधीच माहीत असणे आवश्यक आहे. ‘बाग झाली, आता बाजारातून भाजी आणणे नको’ अशा समजुतीने आरंभ केलेली बाग पहिल्याच वर्षी फसली असे ठरते आणि सोडून दिली जाते. वास्तविक विचारावयाचे ते असे की, हे ९० किलो कोणत्या भाजीचे असावेत? खानदेशातील बहुतेक गावांची भाजी आठवडे बाजारातून येते. बटाटा, कांदा, गंगाफळ, फार तर वांगी पुढील बाजारापर्यंत टिकतात. पालेभाजी दुसऱ्या दिवशी मान टाकते. त्यामुळे बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा अपवाद सोडला तर आठवडाभर शाळेच्या पातेल्यात पालेभाजी पडत नाही, याला स्वयंपाकी भगिनींचा नाइलाज असतो. परसबागेने नेमकी हीच उणीव भरून काढावी. अठरा दिवस पूर्ण भाजी देण्यापेक्षा छत्तीस दिवस वरणात, खिचडीत निम्मी मात्रा पोकळा, पालक, मेथी, शेवग्याचा पाला पडला तर बागेचे चीज अधिक होते. बटाट्याशी आणि कोबीशी स्पर्धा करण्याचे तिला काही कारण नाही.

आता वर्षाचा आढावा. ज्या शाळेत तारीखवार नोंदवही आहे तेथे तो अर्ध्या तासात होतो. नोंदी थोड्याच लागतात: पेरणीची तारीख, पहिल्या तोड्याची तारीख, शेवटच्या तोड्याची तारीख आणि प्रत्येक तोड्याचे वजन. वजनकाटा स्वयंपाकघरात असतोच. पाचवी-सहावीची मुले हे काम आनंदाने करतात आणि गणिताच्या तासाला सरासरीसाठी खरे आकडे मिळतात. नोंदवही नसल्यास स्मरणावर भिस्त ठेवावी लागते, आणि स्मरण नेहमी चांगल्या दिवसांचेच असते. पौषात टोपलीभर निघालेली वांगी सर्वांना आठवतात. आषाढातील रिकामे तीन आठवडे कोणास आठवत नाहीत.

खानदेशातील शाळांच्या बागा वर्षातून दोनदा रिकाम्या पडतात, आणि दोन्ही वेळा कारण शाळेच्या वेळापत्रकात सापडते. पहिली वेळ शाळा उघडतानाची. जूनच्या मध्यास वर्ग सुरू होतात, त्यानंतर पावसाची वाट पाहून भेंडी, गवार, चवळी पेरली जाते, आणि पहिला तोडा येईतो जुलै उलटून जातो. दीड महिना बाग आहे पण भाजी नाही. दुसरी वेळ दिवाळीची. खरिपाच्या भाज्या संपत आलेल्या असतात. मेथी-पालकाची पेरणी, टोमॅटो-कोबीच्या रोपांची लागण करावयाची ती याच काळात. आणि नेमकी याच वेळी शाळेला सुटी लागते. भेंडी तोडली न गेल्याने जून होते, आणि झाडावर जून शेंगा राहिल्या की नवी फुले कमी होतात. लावलेल्या रोपांना पंधरा दिवस पाणी मिळत नाही. सुटीनंतर गुरुजी परत येतात तेव्हा वाफ्यात तण आणि वाळलेल्या काड्या असतात. ‘रोपे चांगली नव्हती’, ‘बी खराब निघाले’ असे निदान अशा वेळी केले जाते. तारखा मांडल्या तर ध्यानात येते की बियाण्याचा दोष नव्हता. त्या पंधरवड्यात पाणी घालणारा माणूस ठरलेला नव्हता. शाळांच्या परसबागा कीड-रोगाने मरतात त्यापेक्षा सुटीने अधिक मरतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी आहे. भुसावळ-जळगाव परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दिवसाचे तापमान ३५ अंशांवर राहू लागले की टोमॅटोची फुले गळू लागतात. पुढे कितीही पाणी घातले तरी फळ धरत नाही. पाण्याचा हिशेबही स्पष्ट आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात भाजीपाल्यास रोज चार मिलिमीटर लागतात असे धरले तर ७० चौरस मीटरला २८० लिटर पुरतात. एप्रिलमध्ये हीच गरज आठ मिलिमीटरच्या घरात जाते आणि ५६० लिटर लागतात. शंभर मुलांच्या हात धुण्याचे व ताटे विसळण्याचे पाणी दर मुलामागे दोन लिटर धरले तर २०० लिटर होते. हिवाळ्यात हे पाणी बरीचशी बाग जगविते. एप्रिलमध्ये तेवढ्याच पाण्यावर २५ चौरस मीटर भिजतील, त्याहून अधिक नाही. मग ७० चौरस मीटरवर थोडे थोडे पाणी शिंपडून सारेच वाळू देण्यापेक्षा होळीनंतर बाग मुद्दाम तिसऱ्या हिश्श्यावर आणणे शहाणपणाचे ठरते. साबणाचे पाणी पालेभाजीवर सोडू नये. ते केळ, पपई, शेवगा, कढीपत्ता यांच्या आळ्यांत जावे. विसळण्याचे पाणी वाफ्यांस चालते.

टंचाईत क्षेत्र आवरते घेण्याची ही युक्ती खानदेशास नवी नाही. साक्री तालुक्यात व पांझरेच्या काठी जी फड पद्धती शतकानुशतके चालली तिचा पायाच हा होता. नदीवर ओळीने दगडी बंधारे, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालील गावाची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा निरनिराळ्या फडांत असे. कोणत्या फडात या साली कोणते पीक घ्यावयाचे हे गावकरी एकत्र बसून ठरवीत, आणि ठरले की त्या फडात तेच पीक. पुढील साली फड बदलत असे. पाणी देणारा पाटकरी व राखण करणारा जागल्या नेमलेला असे. पाऊस कमी झाला तर एखादा फड सरसकट कोरडा ठेवला जाई, म्हणजे तोटा एकट्यादुकट्यावर न पडता सर्वांवर सारखा पडे. वरच्या बाजूची धरणे, विहिरी आणि वीजपंप आल्यानंतर ही व्यवस्था अनेक गावांत क्षीण झाली, आणि तिचे गुणगान करताना तिच्यातील कडक शिस्त आजच्या शेतकऱ्यास सोसवेल काय, हा प्रश्नही विचारला पाहिजे. परंतु मागील साल पाहून पुढील साल ठरविणारी, कोणाचे काम कोणते हे आधी नेमणारी अशी व्यवस्था जिल्ह्याच्या मातीत रुजलेली होती. एक गुंठ्याच्या बागेला तिच्यातून आयता आराखडा मिळतो.

तो असा. बागेचे चार फड करावेत. एकात वांगी, टोमॅटो, मिरची. दुसऱ्यात गवार, चवळी, वाल, वाटाणा या शेंगभाज्या. तिसऱ्यात मांडवावरचे वेल, म्हणजे दोडके, गिलके, कारले, दुधी. चौथ्यात मेथी, पालक, पोकळा, मुळा, लसूण, कोथिंबीर. दरसाल प्रत्येक गट एक फड पुढे सरकवावा. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातील पिके आहेत. एकाच वाफ्यात ती वर्षानुवर्षे घेतली की मर रोग आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी त्या मातीत वस्ती करतात. तिसऱ्या वर्षी झाडे उभ्याउभ्या सुकतात. शेंगभाज्यांच्या मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्र मिळते, म्हणून त्यांच्यामागून पालेभाजी किंवा वांगी आली तर खत कमी लागते. भेंडीचे स्थान मात्र विचारपूर्वक ठरवावे. भेंडी आणि आंबाडी या दोन्ही कपाशीच्या कुळातील. ज्या शाळेच्या कुंपणापलीकडे कपाशी आहे, आणि खानदेशात बहुधा असतेच, तेथे तुडतुडे व पांढरी माशी कपाशीवरून सरळ भेंडीवर येतात. पांढरी माशी आली की पाठोपाठ पाने पिवळी करणारा विषाणूरोग येतो. अशा शाळेने भेंडी कपाशीपासून दूरच्या टोकास लावावी, पिवळे झाड दिसताच उपटावे, आणि दोन वर्षे सतत तोटा आला असल्यास भेंडीचा आग्रह सोडून चवळी घ्यावी.

कपाशीवरून कुंपणाचा विषय निघतो. शेळ्या व डुकरांपासून संरक्षण म्हणून पऱ्हाट्यांचे कुपाटी करण्याची पद्धत सोयीची आहे. पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशीचे केलेले नुकसान सर्वांना स्मरत असेल. या अळीचे कोष वाळलेल्या बोंडांत राहतात, आणि शाळेचे कुंपण म्हणून पुढील खरिपापर्यंत उभ्या ठेवलेल्या पऱ्हाट्या शेजारच्या शेतकऱ्यास महागात पडू शकतात. पऱ्हाट्यांचा उपयोग त्यापेक्षा वांगी भाजण्यासाठी करावा. खानदेशात तो कोणास शिकविण्याची गरज नाही.

वांग्याचा विषय या भागात थोडक्यात संपत नाही. बामणोद, आसोदा या परिसरातील हिरवट-पांढरे, मोठे, पातळ सालीचे आणि कमी बियांचे भरिताचे वांगे दूरवर प्रसिद्ध आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारी घरे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा खाऊ लागतात, आणि तेव्हापासून शेताशेतांवर भरिताच्या पंगती झडतात. साहजिकच प्रत्येक शाळेस आपल्या बागेत भरिताचे वांगे असावेसे वाटते. येथे थोडा आवर घातला पाहिजे. जूनमध्ये टाकलेले रोप जुलै-ऑगस्टमध्ये लागणीस येते, फळ कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत मिळते. म्हणजे हे झाड सात-आठ महिने जागा अडवून बसते, आणि वाढते ते ऐसपैस. भारी जमिनीत दोन झाडांत ९० सेंटिमीटर अंतर हवे. एका झाडाच्या जागेत मेथीच्या दोन-तीन पेरण्या निघतात. शाळेने एक ओळ लावावी, ती मुलांना ओळख व्हावी म्हणून आणि वर्षातून एकदा भरिताचा बेत व्हावा म्हणून. पोटासाठी म्हणून चारही फड वांग्याने भरणे परवडणारे नाही. घरच्या परसात मात्र सहा-आठ झाडे पाच माणसांच्या कुटुंबास हिवाळाभर पुरतात.

त्या एका ओळीचे दुसरे महत्त्व बियाण्यासाठी आहे. हे वाण शेतकऱ्यांनी निवडून निवडून टिकविलेले आहे. शाळेनेही तसेच करावे: निरोगी, भरपूर फळे देणारे एखादे झाड नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच दोरी बांधून राखावे, मधल्या तोड्यातील दोन उत्तम फळे झाडावरच पिवळी होईतो ठेवावीत, बी काढून धुऊन सावलीत सुकवावे व कोरड्या राखेत मिसळून ठेवावे. शेजारी दुसऱ्या जातीची वांगी असतील तर कीटकांमुळे संकर होण्याचा संभव असतो, हे लक्षात ठेवावे. संकरित वाणाचे बी असे धरून उपयोग नाही. पुढील पिढीत ते गुण राहत नाहीत.

वांग्याचा मोठा शत्रू म्हणजे शेंडे व फळे पोखरणारी अळी. डिसेंबरात किडकी वांगी निघू लागली की औषधाचा विचार सुरू होतो. मुलांच्या ताटात जाणाऱ्या भाजीवर विषारी फवारणी करणे योग्य नाही, आणि खरे तर तोपर्यंत उशीर झालेला असतो. सुकलेला शेंडा दिसला की दर आठवड्यास तो खुडून नष्ट करणे हे काम ऑगस्टपासून व्हावयास हवे. मुले त्यात पटाईत असतात. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी दहा लिटर पाण्यास अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड लागते. रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून तो वापरता येतो. पण निंबोळ्या डिसेंबरात झाडाखाली सापडत नाहीत. त्या पावसाच्या तोंडाशी पडतात आणि पहिल्या पावसात सडून जातात. म्हणून हिवाळ्यातील वांग्याची तजवीज जूनमध्ये दोन टोपल्या निंबोळ्या गोळा करून, सावलीत वाळवून ठेवण्याने होते.

दोन्ही जिल्ह्यांना एकच आराखडा लागू पडत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. तापीकाठच्या रावेर, यावल, चोपडा भागात काळी भारी जमीन आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, मेथी-कोथिंबीर पिवळी पडते, टोमॅटोची मुळे कुजतात. तेथे गादीवाफे उंच हवेत आणि पाण्याचा निचरा आधी हवा. साक्रीच्या पश्चिमेकडील किंवा शिंदखेड्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीत उलट अडचण आहे: पाणी थांबत नाही. तेथे शेणखत अधिक घालावे, वाफे जमिनीच्या पातळीस किंवा किंचित खोल ठेवावेत. आच्छादन दोन्हीकडे हवे. केळीच्या पट्ट्यात वाळलेली पाने हवी तेवढी मिळतात, धुळ्याकडे भुईमुगाची टरफले किंवा पालापाचोळा चालतो. केळीच्या बागाईतदारांपासून आणखी एक गोष्ट घेता येईल. उष्ण वाऱ्यापासून बाग वाचविण्यासाठी ते कडेने शेवरी लावतात. शाळेनेही पश्चिम व दक्षिण बाजूस शेवरीची किंवा शेवग्याची ओळ धरली तर उन्हाळ्यात राखलेल्या तिसऱ्या हिश्श्यास आडोसा मिळेल. माती परीक्षण व बियाणे यांसाठी ममुराबाद, पाल आणि धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रांचा उपयोग करून घ्यावा.

नोंदवहीत आणखी एक रकाना असावा, आणि तो स्वयंपाकी भगिनींनी भरावा किंवा त्यांना विचारून भरला जावा. तो म्हणजे ताटात उरलेल्या भाजीचा. गवार जून झाली होती, म्हणून मुलांनी बाजूला काढली. गिलक्याची भाजी पाणचट झाली. पोकळा डाळीत घातला तेव्हा एकही ताट उष्टे राहिले नाही. पिकविण्याचे यश तोड्यावर मोजले जाते, पण मुलांनी न खाल्लेली भाजी पिकवून काही साधत नाही. त्या भगिनींना बागेच्या आखणीत बसविण्याचे दुसरेही कारण आहे. अनेक गावांत स्वयंपाकाचे काम पाहणाऱ्या बचत गटाच्या सदस्या शाळेजवळच राहतात. दिवाळी आणि मे महिन्यात बागेला पाणी कोणी घालावयाचे, या प्रश्नाचे सर्वांत व्यवहार्य उत्तर त्याच आहेत. सुटीतील भाजी त्यांनी घ्यावी व पाणी त्यांनी घालावे, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने केला तर कोणाचे काही बिघडत नाही. ज्यांनी घाम गाळला त्यांना भाजी मिळते, आणि झाडे जगतात. हा ठराव तोंडी राहू नये. फडावर पाटकऱ्याचे नाव ठरलेले असे, तसे येथे नाव लिहिलेले असावे.

पंचायत सदस्यांकडे यात पैशाचे काम थोडे आहे, शब्दाचे अधिक. १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरतात, आणि आखाजीही त्याच दिवसांच्या आगेमागे येते. शाळेच्या बागेचा एक पानी हिशेब त्या सभेत वाचला जावा: किती किलो निघाले, कोणते आठवडे रिकामे गेले, पाण्याची अडचण कोठे आली. एखादी २०० लिटरची टाकी उंचावर बसवून ठिबकच्या नळ्या टाकावयाच्या असतील, हात धुण्याच्या जागेपासून बागेपर्यंत नाली काढावयाची असेल, तर ती मागणी हिशेबाच्या कागदासह आली म्हणजे तिला वजन येते. गतवर्षीचा आकडा समोर नसताना केलेली मागणी इतर पन्नास मागण्यांत हरवून जाते.

ग्रामसभेनंतरचे पाच-सहा आठवडे रिकामे समजू नयेत. बाग मोकळी आहे, ऊन प्रखर आहे. या उन्हाचा फुकट मिळणारा एकमेव फायदा याच वेळी घ्यावा. ज्या फडात वांगी-टोमॅटो होते त्यातील जुनी खोडे मुळांसकट उपटून काढावीत, माती भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद पसरावा व कडा मातीने दाबाव्यात. चार ते सहा आठवड्यांत तणांचे बी आणि रोगजंतू बऱ्याच प्रमाणात नष्ट होतात. मृगाच्या आधी कागद काढून शेणखत मिसळावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाची वाट न पाहता, पालेभाजीच्या फडात राखून ठेवलेल्या पाण्यावर पोकळा पेरावा. तो पंचवीस ते तीस दिवसांत काढणीस येतो. एकदम सारा वाफा न पेरता दर दहा दिवसांनी एक ओळ पेरली तर जुलै कोरडा जात नाही. त्याच आठवड्यात भरिताच्या वांग्याचे बी गादीवाफ्यावर टाकावे आणि निंबोळ्यांसाठी मुलांच्या हाती टोपल्या द्याव्यात. वर्ग भरू लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत पहिला पोकळा डाळीत पडेल. त्याचे वजन करून नव्या वहीच्या पहिल्या ओळीत तारखेसह लिहावे, आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवशी ताटात किती उरले ते.